जलावतरण, आणीबाणीचे
एंजिनाची शक्ती गेल्यामुळे अथवा अन्य संकटामुळे जमिनीवर उतरणारे विमान पाण्यावर उतरवावे लागते, त्या क्रियेस आणीबाणीचे जलावतरण म्हणतात. इंधनपुरवठा खंडित होणे, कार्ब्युरेटरात बर्फ साचणे, शीतन वा वंगण यंत्रणा बिघडणे ही शक्तिनाशाची काही कारणे होत.

एंजिन थांबताच विमान कोसळत नाही. योग्य वेग राखल्यास सर्वसाधारण हलके विमान वारा नसताना १,००० मी. उंचीवरून सुमारे ९ किमी. तरंगत जाऊ शकते. या अवधीत वैमानिक संकटसंदेश पाठवितो, इंधनपुरवठा व प्रज्वलन तपासतो आणि जवळपास एखादे जहाज असल्यास तिकडे वळतो. समुद्र खवळलेला असल्यास लाटेला समोरून भिडणे घातक ठरते. म्हणून सामान्यतः लांब लाटांच्या माथ्याला समांतर, कमीत कमी वेगाने उतरतात. मिटता येणारी चाके मिटलेलीच ठेवतात. स्थिर चाके पाण्यात अडकून विमान उलटण्याचा संभव असतो. धडकेने दरवाजे अडकू नयेत म्हणून ते आधीच किंचित उघडतात. जीवरक्षक जाकिटे मात्र बाहेर पडल्यावरच फुगवावयाची असतात; आत फुगविल्यास बुडत्या विमानातून निसटणे कठीण होते.

१८ मे १९१९ रोजी हॅरी हॉकर व केनेथ मॅकेंझी-ग्रीव्ह न्यू फाउंडलंडहून अटलांटिक ओलांडण्यासाठी निघाले. त्यांच्या एक-एंजिनी सॉपविथ विमानाची शीतन यंत्रणा बिघडून एंजिन तापू लागले. एंजिन पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहता हॉकर यांनी जहाजमार्गाकडे वळून ‘मेरी’ हे डॅनिश जहाज गाठले व त्याच्याजवळ विमान पाण्यावर उतरविले. दोघेही वाचले, परंतु जहाजावर बिनतारी यंत्रणा नसल्याने सु. आठवडाभर ते मृत समजले गेले.

२०१५ मध्ये हवाई बेटांनजीक इंधन मिळेनासे झालेले एक सिरस विमान संपूर्ण विमानास पेलणाऱ्या हवाई छत्रीने समुद्रावर उतरले व त्याचा वैमानिक बचावला.

पाण्यावर सुखरूप टेकणे म्हणजे सुटका नव्हे. थंड पाण्यात पहिल्या काही मिनिटांत श्वासावरील ताबा सुटतो व पुढे शरीराचे तापमान घटत जाते. त्यामुळे तराफा, ४०६ मेगॅहर्ट्‌झवरील संकटसूचक प्रेषक आणि उड्डाणापूर्वी कळविलेला मार्ग यांवरच जीवित पुष्कळदा अवलंबून असते.