घरची शाळा (भाग ७) : अक्षर की आशय?

"कुठलं अ‍ॅप घेऊ?" डिस्लेक्सिया किंवा डिस्ग्राफिया असलेल्या मुलाला घरी शिकवणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. मागच्या भागात दिवसाची आखणी झाली, म्हणजे आता साधनांकडे वळायला हरकत नाही. पण त्याआधी जरा चाकणला जाऊन येऊ.

माझे दाजी तिथल्या एमआयडीसीत ड्रिलिंगच्या लाइनवर आहेत. घर पिंपरीत, संत तुकारामनगरला. त्यांचा मुलगा, माझा भाचा, बारा वर्षांचा. वाचन आणि लेखन, दोन्हीकडे अडथळा. शाळेत त्याचा सगळा जोर फळ्यावरचं वहीत उतरवण्यात संपायचा आणि तेही अर्धवटच व्हायचं. दीड वर्षापासून ताई त्याला घरीच शिकवते आहे. फोनने धडा वाचून दाखवणं ही दाजींना सुरुवातीला निव्वळ लबाडी वाटायची. "उद्या कंपनीत कोण वाचून दाखवणार आहे याला?"

एका रविवारी मी त्यांना विचारलं, "दाजी, तुमच्या मशीनवरचं फिक्स्चर काढून टाकलं तर?"

ते हसले. फिक्स्चर म्हणजे जॉब, म्हणजे ज्याला भोक पाडायचं तो तुकडा, घट्ट धरून ठेवणारी चौकट. ती नसेल तर ऑपरेटरचं निम्मं लक्ष जॉब हलू नये इकडेच राहतं आणि भोक वाकडं पडतं. वीस वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा चुकेल. पण त्याला कुणी मठ्ठ म्हणणार नाही. फिक्स्चर मागवतील. भाच्याच्या बाबतीत हलणारा जॉब म्हणजे अक्षर. ते धरून ठेवायलाच त्याची ताकद जाते, मग धड्यात काय म्हटलंय याला शिल्लक काय राहणार?

हे जुनंच निरीक्षण आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा तल्लख, पण छापील शब्द लागत नव्हता. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत रीतसर सवलती मिळू लागल्या त्या १९९६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. देशात आपलं राज्य यात पहिलं, हेही खरं.

तर साधन उघडण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: आत्ताचं काम अक्षराचं आहे की आशयाचं? इतिहास, विज्ञान, गोष्ट हे आशयाचं काम. तिथे यंत्राने खुशाल वाचावं, यंत्राने खुशाल लिहावं. अक्षराचं काम वेगळं, रोज वीस मिनिटं, तिथे यंत्र बंद. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की मूल दोन्हीकडून जातं.

आधी वाचन. अँड्रॉइड फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' नावाची सोय असते. मजकुरावर बोट ठेवलं की फोन वाचतो आणि वाचला जाणारा शब्द उजळतो. हे उजळणं महत्त्वाचं, कारण कान आणि डोळा एकाच शब्दावर येतात. संगणकावर एज ब्राउजरमध्ये मराठीचे दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. भाच्याने मनोहरला नापास केलं, का ते सांगत नाही.

इथे एक खड्डा आहे. मराठी पीडीएफमधला मजकूर अनेकदा जुन्या फाँटमध्ये बसवलेला असतो. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण आत भलतीच चिन्हं असतात आणि आवाज अगम्य काहीतरी बरळतो. पालकांना वाटतं, आपलंच काही चुकलं. अशा वेळी पानाचा फोटो काढून गूगल लेन्सला द्यावा. ते अक्षराचा आकार ओळखतं, आतल्या चिन्हांशी त्याला देणंघेणं नसतं. दुसरी अडचण आपल्या भाषेची. चहातला 'च' वेगळा, चटणीतला वेगळा. लिपीत मात्र दोन्ही एकच. यंत्र इथे अधूनमधून घसरतं. ताईने या घसरण्याचा खेळ केला आहे: आरोही चुकली की भाच्याला एक गुण.

लेखनाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे देवनागरीने आपल्याला एक भेट देऊन ठेवली आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 'किती' शब्द घ्या. कानाला आधी 'क' ऐकू येतो, मग 'इ'. कागदावर मात्र वेलांटी 'क'च्या डावीकडे बसते. 'सूर्य'मध्ये तर 'र' आधी उच्चारायचा, पण रफार होऊन तो चढतो पुढच्या 'य'च्या डोक्यावर. ज्याला मुळात ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड जमत नाही, त्याच्या वाट्याला ही उलटापालट. आता हेच शब्द मराठी कळफलकावर टंकून पाहा. क, मग वेलांटी. स, दीर्घ उकार, र, पाय मोडायचा, य. ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने कळा, आणि वेलांटीला डावीकडे नेणं, रफाराला वर चढवणं हे संगणकाचं काम. इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, काना आणि 'आ' एकाच कळीवर. भाच्याला जोडाक्षर म्हणजे काय ते वहीत चार वर्षांत कळलं नव्हतं. पाय मोडण्याची कळ दाबून दाबून ते आठवडाभरात कळलं.

म्हणून माझा आग्रह: या मुलांना रोमन अक्षरांतून मराठी टंकायला लावू नका. आपण मोठे सगळे तसंच टंकतो, पण त्यात मराठीच्या डोक्यावर इंग्रजी स्पेलिंगचं ओझं येतं. इनस्क्रिप्ट हाताला बसायला दोन-तीन महिने लागतात. लागू द्यावेत.

बोलून टंकण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये मराठीत आणली. गोष्ट, अनुभव, प्रयोगाचं वर्णन यासाठी ती उत्तम. फक्त बोलण्याआधी मुलाने चार मुद्दे बोटांवर मोजावेत, नाहीतर मजकूर एसटीसारखा लागेल तिथे थांबत जातो. आणि लिहिलेलं यंत्राकडून परत वाचून घ्यायचंच. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला सापडते.

बाकी किरकोळ. गणिताला चौकटीची वही, आकडे आपापल्या घरात राहतात. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली की वाचताना ओळ सुटत नाही, खर्च शून्य. डिस्लेक्सियासाठीचे म्हणून गाजलेले खास फाँट रोमन लिपीचे आहेत आणि त्यांचा फायदाही नीट सिद्ध झालेला नाही. अक्षर मोठं करा, ओळींत आणि शब्दांत अंतर वाढवा. दोन अक्षरांतलं अंतर मात्र वाढवू नका, इंग्रजीत चालतं ते आपल्याकडे शिरोरेषा तोडतं.

हे सगळं सुरू करण्याआधी तपासणी हवी, आणि ती मुलाच्या भाषेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' ही चाचणी आणली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. पाचवीपर्यंतच्या मुलांच्या प्राथमिक चाळणीसाठी शिक्षकांना वापरता येईल असा भागही तिच्यात आहे. मराठीत वाढलेल्या मुलाला फक्त इंग्रजी चाचणीवर जोखलं असेल तर निदान पुन्हा करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. पालक ज्याला 'एलडी सर्टिफिकेट' म्हणतात ते, मुक्त विद्यालय आणि लेखनिक, हा सगळा विषय पुढच्या भागात.

परवा भाच्याने बाबांवर निबंध सांगितला. फोनने लिहून घेतला, आरोहीने परत वाचला: "माझे बाबा फास्ट शिफ्टला जातात." तो उडालाच. "फर्स्ट! मी फर्स्ट म्हणालो!" ताईने दुरुस्त करायला कळफलक पुढे केला. त्याने जरा विचार केला. पहाटे साडेपाचला बस पकडायला दाजी कसे धावत सुटतात, ते त्याने खिडकीतून रोज पाहिलेलं.

"राहू दे," म्हणाला, "तेही बरोबरच आहे."