निगडीचा ओला कचरा, मोशीची रास

निगडी-प्राधिकरणातला कचरा घंटागाडीतून निघून मोशीच्या डेपोकडे जातो. मोठ्या प्रमाणावर खत करताना ओल्या कचऱ्याच्या लांब राशी लावतात आणि त्या वेळोवेळी उलटतात. जिवाणूंच्या कामामुळे राशीचा गाभा 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो; रोगजंतू आणि तणाचं बी त्याच उष्णतेत मरतं. हवा कोंडली, की दुर्गंधी आणि मिथेन. नुसतं शिळं अन्न फार ओलं, म्हणून वाळका पालापाचोळा हवाच. कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण 30:1. रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं 2016 च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं. रास्तच आहे ते. पण खत कुठेही करा, दुधाच्या प्लास्टिक पिशवीचा कोपरा खरकट्यात गेला, तर त्याचे बारीक तुकडे चाळणीतूनही निसटून खताबरोबर थेट शेतात पोचतात.