फेसावर जाऊ नका, टक्के विचारा

शाम्पू आणि हँडवॉश बनविण्याचा धंदा थोड्या भांडवलात उभा राहतो, म्हणून अनेक तरुण त्याकडे वळतात. या धंद्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे सोडियम लॉरिल इथर सल्फेट. बाजारात त्याला एसएलईएस म्हणतात. तो घेताना पुष्कळजण घट्टपणा व फेस पाहतात. आमच्या मते त्यावरून मालाची पारख होत नाही.

आम्ही कापडवाले. आमच्याकडे प्रोसेस हाऊसमध्ये फेस हा दुश्मन समजला जातो. जेट मशीनमध्ये फेस झाला की कापड तरंगते, नीट फिरत नाही आणि रंग एकसारखा चढत नाही. म्हणून फेस मारणारे रसायन टाकावे लागते. तरीही कापडाचा तेलकटपणा निघतोच! म्हणजे मळ काढणे आणि फेस येणे ही दोन वेगळी कामे झाली. मळ निघतो तो रेणूचे एक टोक तेलाला व दुसरे पाण्याला धरते म्हणून. ग्राहकाला मात्र फेसानेच तसल्ली मिळते, आणि एसएलईएस तो बोअरच्या जड पाण्यातही देते, जिथे साधा साबण फाटतो.

खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलापासून लॉरिल अल्कोहोल बनते. (नावावर जाऊ नये. ही दारू नव्हे, थंडीत मेणासारखा गोठणारा पदार्थ आहे.) त्याला इथिलीन ऑक्साइड जोडतात, मग सल्फेट करून कॉस्टिक सोड्याने शांत करतात. इथिलीन ऑक्साइड न जोडता केलेला माल म्हणजे एसएलएस. तो त्वचेला जास्त झोंबतो. एसएलईएसमध्ये मात्र डायऑक्सेन नावाचा नको असलेला अंश थोडा येतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने शाम्पूसारख्या मालात त्याची मर्यादा २०२३ अखेरपासून दहा लाखांत एक भाग ठेवली आहे. निर्यातीचा विचार असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता हिशेब. माल दोन प्रकारे येतो: ७० टक्क्यांची पेस्ट आणि २८ टक्क्यांचे लिक्विड. १०० किलो पेस्टमध्ये जेवढा असली माल असतो, तेवढा मिळायला २५० किलो लिक्विड लागते. पेस्ट किलोला १०० रुपये धरली तर लिक्विड ४० च्या वर महागच पडते, शिवाय पाण्याचे भाडे आपल्या खिशातून. पातळ केलेला माल साध्या मिठाने घट्ट करता येतो, त्यामुळे घट्टपणा पाहून फसायला होते. मीठ प्रमाणाबाहेर गेले की तोच माल पुन्हा पातळ होतो.

पेस्ट विरघळविताना तिच्यावर थोडे थोडे पाणी ओतू नये. मधल्या प्रमाणात ती इतकी घट्ट होते की ढवळणी अडते. भरपूर पाण्यात पेस्ट थोडी थोडी सोडावी.

प्रत्येक लॉटबरोबर टक्केवारीचे प्रमाणपत्र मागावे. देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून, भाव कितीही कमी असो, आम्ही तरी माल घेणार नाही. आणि शाम्पू विकण्यासाठी बनवायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे परवाना आधी काढावा लागतो.