गाडीतला स्टिरिओ आणि दुकानदाराचा शब्द

मागच्या व्याख्यानात आपण 'शब्द' या प्रमाणाचा विचार केला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर किती विसंबावं याचा. नंतर चहाच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं, "सर, जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवायचाय. दुकानदाराचा शब्द प्रमाण मानू का?" सगळे हसले. पण प्रश्न चांगला आहे, आणि या बाबतीत मी स्वतः एकदा पोळलोय. म्हणून आज तेवढ्याबद्दलच बोलतो.

दुकानात तीन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली मापाची: "सिंगल डिन आहे, बसेल." डिन ही जर्मनीची मानक संस्था. तिच्या मापाचा स्टिरिओ 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच असतो. डबल डिन म्हणजे उंची 100. हा शब्द पट्टी लावून तपासता येतो. पण खोली विसरू नका. जुना सेट बाहेर काढून मागे तारांना जागा उरते का, ते बघा. नव्या गाड्यांत खाच वेगळ्याच आकाराची असते, तिथे त्या मॉडेलची फ्रेम घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं, "50 वॅट × 4". आता हिशेब करू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात आणि स्पीकरचा रोध बहुधा 4 ओहम असतो. व्होल्टचा वर्ग करा, 207 येतो. त्याला 4 ने भागा, सुमारे 52. म्हणजे 50 हा आकडा खोटा नाही! पण तो पूर्ण दाब सतत दिला तरचा आहे, आणि तसा दिला तर आवाज फाटतो. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मेच, 26 च्या आत, मिळतात. म्हणून 'आरएमएस' लिहिलेला आकडा शोधा. तो 20 च्या आसपास दिसेल. मोठा आकडा बघून जादा पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या स्पीकरवर घाला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: "वीस मिनिटांत जोडून देतो." माझ्या गाडीत कारागिराने कंपनीचा कपलर कापला, तारा पिळल्या, वर टेप गुंडाळली. गाणी छान वाजली. दोन महिन्यांनी पहाटे साडेचारला पत्नीला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि गाडी सुरूच होईना. रिक्षा मिळाली म्हणून निभावलं.

झालं काय होतं? स्टिरिओच्या पिवळ्या तारेत वीज कायम हवी, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल तारेत मात्र किल्ली फिरवल्यावरच यायला हवी. त्याने दोन्ही एकाच कायमच्या तारेला जोडल्या. मी त्या रात्री बटण बंद करायला विसरलो, किल्ली काढूनही सेट चालूच राहिला आणि बॅटरी उतरली. बरं, हे रंग स्टिरिओचे. गाडीतल्या तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे रंग बघून नव्हे, मीटर लावून जोडायचं.

आणि ते दुरुस्त करणं अवघड का गेलं? कपलर कापलेला होता. काही कृती उलटवता येतात, काही येत नाहीत. जिथे पर्याय आहे तिथे उलटवता येणारी कृती निवडावी. गाडीच्या मॉडेलप्रमाणे जोड-कपलर विकत मिळतो. एका बाजूला गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला नवा सेट. एकही तार कापायची नाही. उद्या जुना सेट परत लावता येतो, आणि कापलेल्या तारेवरून वॉरंटीचा वादही होत नाही.

कामाला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करायला सांगा. ती आधी काढली की पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. काळी तार रंग खरवडलेल्या धातूलाच लावा. अर्थिंग कच्चं राहिलं तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी कुंईं स्पीकरमध्ये ऐकू येऊ शकते. स्पीकरच्या निगेटिव्ह तारा मात्र बॉडीला लावू नका, नव्या सेटचा अँप्लिफायर जळू शकतो. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज तारेचं रक्षण करतो. तो मोठा केला की तापून जळायची पाळी तारेवर येते.

डॅशबोर्ड बंद करण्याआधी तुमच्यासमोर तपासणी व्हायला हवी: किल्ली काढली की सेट बंद होतो का, पुन्हा लावली की स्टेशनं जागेवर आहेत का, चारही स्पीकर वाजतात का.

आता मूळ प्रश्न. न्यायदर्शन आप्ताचा शब्द प्रमाण मानतं. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा, आणि जाणली तशी सांगणारा. मीटरचा काटा तुम्हाला दाखवून मग तार जोडणारा कारागीर मिळाला, तर त्याचा शब्द जरूर माना. आणि दोन पैसे जास्तही द्या.

इथे थांबतो.