सार्डिनियाला जाताय? वाळूला हात लावू नका!

इटलीच्या सार्डिनिया बेटावरचा ला पेलोसा किनारा फोटोत दिसतो तसाच आहे. पांढरी वाळू, लांबवर उथळ, निळं पाणी. मात्र उन्हाळ्यात दिवसाला फक्त १५०० जणांना प्रवेश मिळतो, तोही ऑनलाइन बुकिंग करून. टॉवेलखाली चटई अंथरणं सक्तीचं आहे, कारण ओल्या टॉवेलला चिकटून वाळू बाहेर जाते. आठवण म्हणून बाटलीभर वाळू उचललीत तर ५०० ते ३००० युरो दंड! बुदेल्ली बेटाचा गुलाबी किनारा तर १९९० च्या दशकापासून बंदच आहे; तो लांबूनच पाहायचा.

मुक्काम अल्गेरोत करा. तटबंदीच्या या गावात १४व्या शतकात आलेली कातालान भाषा अजून कानावर पडते. समुद्रालगतच्या रस्त्याने दक्षिणेला गेलात की तेमो नदीकाठचं बोसा, तिथली रंगीत घरं. जुलै-ऑगस्टपेक्षा सप्टेंबर बरा. गर्दी ओसरते, पाणी उबदार असतं.