चिमणीला तिखट लागत नाही

हरळीचे बी पेरलेल्या वाफ्यावर लाल तिखट भुरभुरले की पाखरे फिरकत नाहीत, असा सल्ला बागप्रेमींच्या गप्पांत हमखास मिळतो. चिमण्या मात्र तिखटासकट बी टिपतात. डोळ्यांना पाणी येते ते माळ्याच्या.

मिरचीतले कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवरील एका प्रथिनाला चिकटते आणि ‘भाजले!’ असा निरोप मेंदूकडे धावतो. हे प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे नोबेल मिळाले. पक्ष्यांतही ते असते, पण त्याची घडण थोडी निराळी असल्याने ते कॅप्सेसिनला दाद देत नाही. मिरचीच्या हे पथ्यावरच पडते. उंदीर दातांनी बी चिरडतो. पाखरू ते अख्खे गिळून लांब नेऊन टाकते. म्हणजे तिखट उधळायचेच, तर ते खारीसाठी.

चमकत्या सीडी, फडफडणाऱ्या पट्ट्या? चार दिवस. त्यातून काही अपाय होत नाही हे पाखरांना कळले की संपले. ज्वारीच्या राखणदाराला हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. म्हणून तर शेतात बुजगावणे उभे असूनही तो स्वतः माचाणावर चढून गोफण फिरवायचा.

बागेत गोफणीची गरज नाही. हरळी उगवायला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात. तेवढेच दिवस बी नजरेआड राहिले की पुरे. ते हलक्या हाताने मातीत मिसळून फळीने दाबावे आणि वर पेंढ्याचा विरळ थर द्यावा, खालची माती अधूनमधून दिसेल इतकाच. जाळी लावायची तर वीतभर उंचीवर, चारी बाजूंनी ताणून. जमिनीवर सैल पसरलेल्या जाळीत होल्याचे पाय अडकतात, सरडे आणि सापही.

खाण्याइतकीच नासधूस होते ती चिमण्यांच्या धूळस्नानाने, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. भुसभुशीत, कोरडी माती दिसली की त्या पंख फडफडवत तिच्यात खळगे करतात आणि बी चहूकडे उडते. वाफा ओलसर ठेवला आणि दूर कोपऱ्यात परातभर कोरडी माती, शेजारी पाण्याचे पसरट भांडे ठेवले, तर त्या तिकडे वळू शकतात. दाण्यांचे ताट मात्र वाफ्याजवळ नको, कारण त्याने आणखी पाखरे गोळा होतात.

गवत बोटभर वाढले की त्याच जागी साळुंक्या उतरतात. त्यांचे लक्ष बियांकडे नसते. मुळांशी दडलेल्या अळ्या त्या चोचीने उकरून काढतात. चिमण्याही पिल्लांना भरवायला किडे आणि अळ्याच वेचून नेतात.