शाळेचा उत्सव कोणासाठी?

मरोळसारख्या उपनगरांतील प्राथमिक शाळांत बालिका दिन व स्नेहसंमेलने साजरी होतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु हे उत्सव मुलांसाठी की पाहुण्यांसाठी? शिक्षण कृतीतून व शोधातून व्हावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते. मग ३ जानेवारीस एका मुलीने सावित्रीबाईंचा वेष करून मंचावर मिरवावे आणि बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या पिटाव्या, यात शिक्षण ते कोठले? १८४८ साली पुण्यात ज्या माउलीने शेण-चिखल अंगावर झेलून मुली शिकविल्या, तिच्या जयंतीस प्रत्येक मुलीने चार ओळी स्वतः वाचून दाखवाव्या, हाच खरा उत्सव. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात गुरुजींनी मुलांस न्यावे. मापे, भाव व नफातोटा तेथे आपोआप शिकता येतील, आणि संमेलनात तोच हिशेब मुलांनी मांडावा. आमच्या व्यापारी बंधूंनी रोषणाईस देणगी देण्याआधी वाचनाच्या पुस्तकांस द्यावी. महापालिकेच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालकच असावेत, असा कायदा आहे. त्यांनी पुढील बैठकीत हा प्रश्न विचारावा. न विचारल्यास दोष एकट्या शिक्षकांचा नव्हे, आपलाही आहे.